हात मांडीखाली

वडील गेले तेव्हा मी रडले नाही, आणि विद्यापीठात त्याचा मला फायदाच झाला. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून आधीच लिहून मोकळी होते.

आमचे पणजोबा मराठी मुलखातून जहाजाने ह्या बेटावर उसाच्या कामाला आले, आणि आमचं घर कांप दे मास्क ह्या गावी, उसाच्या इस्टेटीच्या जागेवर. दोन खोल्या, वर पत्रे, मागे आईचा भाजीचा वाफा. घर आमचं म्हणायचं एवढंच, खरं ते इस्टेटीचं. वडील इस्टेटीच्या कचेरीवर राखणदार होते, म्हणून ते आम्हाला राहायला मिळालेलं. पण गावात वडिलांना राखणदार म्हणून कोणी ओळखत नसे. ते अर्ज लिहिणारे होते. सहावीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षर छापल्यासारखं, आणि सगळ्यांसाठी फुकट लिहायचे. कोणाला पाण्याचा नळ हवा, कोणाच्या पोराला शाळेत प्रवेश हवा, कोणाच्या नवऱ्याच्या जागी मुलाला काम हवं, की तो माणूस जेवणाच्या वेळी दारात उभा. आई तोंड वाकडं करायची आणि त्यालाही ताट वाढायची.

सत्तरच्या दशकात, मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून, त्या अर्जांची नक्कल मी करायची. वडिलांकडे एक जाड वही होती. तिच्यात सगळ्या तऱ्हेच्या अर्जांचे नमुने होते. नळाचा नमुना, प्रवेशाचा नमुना, विधवेचा नमुना. विधवेच्या नमुन्यातलं एक वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं: ‘माझे दिवंगत पती कष्टाळू आणि निर्व्यसनी होते, आणि वरिष्ठांना त्यांनी कधीही तक्रारीस जागा दिली नाही.’

एकदा असं झालं की ज्या माणसाबद्दल मी हे उतरवत होते, त्याला मी शाळेतून येताना कितीदा तरी गटारात पडलेला पाहिला होता. मी वडिलांना तसं म्हटलं. ते वहीतून मान वर न करता म्हणाले, “कागद वाचनारा त्याला वळखत नाय. वळखतो त्याला कागद लागत नाय.” मला ते फारच पटलं. त्या वयात मला वडिलांचं सगळंच पटायचं.

विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. रोज कांप दे मास्कहून जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आठवडाभर मी व्हाकोआ शहरात काकांकडे राहायची आणि शनिवार-रविवार घरी. काका सरकारी नोकरीत, काकू शिक्षिका. त्यांच्या घरात मराठी फक्त गणपतीला बोलली जाई, तीही आरतीपुरती. दर सोमवारी पहाटे वडील मला बसपर्यंत सोडायला यायचे. पिशवी त्यांच्या खांद्यावर. मी आत चढून खिडकीशी बसले की ते बाहेरून पिशवी खिडकीतून आत द्यायचे. दारातून देणं सोपं होतं, पण त्यांना खिडकीच आवडायची. पिशवी मांडीवर आली की बस सुटायची.

पहिल्या वर्षाच्या शेवटी, ऊसतोडीच्या दिवसांत, एका गुरुवारी ते कामावर निघाले, कचेरीच्या फाटकाशी जरा टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. मला व्हाकोआहून आणायला काका आले. मी घरी पोचले, पाया पडले, बायकांच्यात बसले. सगळ्या रडत होत्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. एका मावशीने मला छातीशी धरून सांगितलं, “रड गं, मोकळी हो.” मी प्रयत्न केला. खरंच केला. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा असून नसल्यासारखा होतो, तसं सगळं अंग झालं होतं. तेराव्यानंतर मी परत गेले, वर्गात बसले, टिपणं काढली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्याच सुमारास विद्यापीठात एक नवीनच प्रकार सुरू झाला. इंग्रजीच्या एक बाई परदेशात शिकून आल्या होत्या, आणि तिथून त्यांनी एक कल्पना आणली होती. निबंध लिहिताना अडणाऱ्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनीच मदत करायची. नकाशे ठेवायची एक खोली त्यांनी मागून घेतली, दोन टेबलं आणि चार खुर्च्या मांडल्या आणि दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली. मदतनीस हवेत अशी सूचना फळ्यावर लागली. मी गेले ते सेवेच्या भावनेने वगैरे नाही. संध्याकाळी लवकर घरी गेलं की काकू माझ्याकडे दयेने पाहत चहा करायची, आणि तो चहा मला नको होता.

बाईंनी परीक्षा म्हणून कोणाचा तरी गचाळ निबंध माझ्यापुढे टाकला. म्हणाल्या, “ह्याला मदत कर.” मी वडिलांची लेक. दहा मिनिटांत मी तो आख्खा नवा करून दिला. सुरुवात, मधला भाग, शेवट, सगळं चकचकीत. बाईंनी वाचला. “फार छान,” त्या म्हणाल्या. “आता हा कोणाचा?”

मला प्रश्न कळला नाही. मी त्या विद्यार्थ्याचं नाव पाहायला पान उलटलं. बाई हसल्या. म्हणाल्या, “मंगळवारी ये. येताना पेन घरी ठेवून ये.”

त्यांचे नियम थोडे होते. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. कागद लिहिणाऱ्यापुढे राहील. पेन लिहिणाऱ्याच्याच हातात राहील. पहिला प्रश्न एकच: तुला काय म्हणायचंय? आणि तो विचारला की गप्प बसायचं, लिहिणारा बोलेपर्यंत. आम्हा चौघा मदतनिसांना गप्प बसणं जड जायचं. हात आपोआप पेनाकडे जायचे. म्हणून बाईंनी आम्हाला एक युक्ती शिकवली: दोन्ही हात आपल्याच मांडीखाली दाबून बसायचं. चार मोठी मुलं खुर्च्यांवर हातांवर बसलेली, हे दृश्य पाहून वाटेने जाणारे हसायचे.

बाकीच्या तिघांना हे जमायला महिने लागले. मला पहिल्याच आठवड्यात जमलं. शेजारचा पाच मिनिटं गप्प राहिला तर मीही पाच मिनिटं गप्प. दहा तर दहा. माझ्या आत घाई करणारं काहीच उरलं नव्हतं. बाई सगळ्यांना सांगायच्या, “हिच्याकडून धीर शिका.” तो धीर नव्हता. पण कौतुक कोणाला नको असतं? मी ते खाली मान घालून घेतलं.

एक गृहस्थ गुडलँड्सहून यायचे, माझ्याहून बरेच मोठे. दिवसा कपड्यांच्या कारखान्यात मुकादम, दुपारनंतर डिप्लोमाचा वर्ग. कारखान्यातल्या कामाच्या पद्धतीवर त्यांना निबंध लिहायचा होता आणि त्यांनी पुस्तकातले परिच्छेद एकाखाली एक मांडून आणले होते. मी क्रेओलमध्ये, आमच्या बेटाच्या बोलीत, विचारलं, “की ऊ ले दीर?” तुम्हाला काय म्हणायचंय? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. म्हणाले, “तूच लिहून दे ना, बहिणी, तुला येतं.” मी हातांवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते, जरा चिडूनच, म्हणाले, “त्या मशीनांचा आवाज माझ्याबरोबर घरी येतो. जेवताना बायको बोलते ते मला ऐकू येत नाही.”

“मग तेच लिहा,” मी म्हटलं.

“हे चालतं?”

“ठाऊक नाही. पण हे तुमचं आहे.”

ते माझ्याकडे संशयाने पाहत राहिले आणि मग लिहायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि आज बस वेळेवर असेल का, याचा विचार केला.

ऊसतोड संपत आली तसा घराचा प्रश्न निघाला. राखणदार गेला, त्या जागी नवा राखणदार येणार, आणि नव्या राखणदाराला घर लागणार. पूर्वी आई इस्टेटीतच खुरपणीला जायची, पण गुडघ्याने दगा दिल्यापासून घरीच होती. तिचा म्हणून घरावर हक्क नव्हता. मॅनेजरकडे अर्ज केला तर कधीकधी विधवेला राहू देत. आई मला म्हणाली, “लिव तू. तुला येतं.” तिला त्यात काळजी करण्यासारखं काही वाटलं नाही. गावातल्या प्रत्येक विधवेचा अर्ज ह्याच घरातून गेला होता.

मी वही उघडली. विधवेचा नमुना काढला. नाव, गाव, कामाची वर्षं तेवढी बदलली आणि नक्कल केली. अर्धा तास लागला असेल. पाणी पिण्यापुरतीही थांबले नाही. माझ्या वडिलांबद्दल मी लिहिलं की ते कष्टाळू आणि निर्व्यसनी होते, आणि वरिष्ठांना त्यांनी कधीही तक्रारीस जागा दिली नाही. आईने खाली अंगठा न देता सही केली, त्याचा तिला अभिमान होता.

पुढच्या शनिवारी सकाळी मी तो अर्ज इस्टेटीच्या कचेरीत नेला. तिथले वयस्क कारकून वडिलांना वीस-पंचवीस वर्षं ओळखत होते. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली, मधेच थांबले, आणि हसू दाबलं. मग उठून कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि माझ्यापुढे उघडली. एकामागून एक अर्ज. सगळे वडिलांच्या अक्षरात, काही माझ्या. प्रत्येकात तेच वाक्य.

“मामझेल, पोरी,” ते क्रेओलमध्ये म्हणाले, आवाज खाली आणून, “रागावू नकोस. पण हे वाक्य आता मॅनेजरला पाठ झालंय. हे दिसलं की तो म्हणतो, हा माणूस नक्की दारुडा होता.”

मी फाईलकडे पाहत राहिले. काहीतरी वाटायला हवं होतं. लाज, राग, निदान हसू. मला एवढंच दिसलं की खालच्या एका अर्जावर माझ्या लहानपणच्या अक्षरात शाईचा डाग पडलाय.

“दुसरं लिहून आण,” ते म्हणाले. “सोमवारी तो यादी करतो. मी उद्या संध्याकाळी फाटकाशी असतो, तिथे दे. आणि हे बघ, तुझे वडील कसे होते ते मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही.”

दुपारभर मी मागच्या ओट्यावर कागद घेऊन बसले. विद्यापीठातली मदतनीस, बाईंची लाडकी. प्रत्येक वाक्य वडिलांच्या नमुन्यासारखंच उतरत होतं. ‘अत्यंत नम्रतेने’, ‘आपल्या कृपेची आशा बाळगून’. मी खोडत गेले. रविवारी जेवण झाल्यावर आई आली आणि खोडलेले कागद पाहून म्हणाली, “आता काय झालं?”

मी तिला खरं ते सांगितलं. मॅनेजर काय म्हणतो तेही सांगितलं. मग मी तिला शेजारी बसवलं, कागद तिच्यापुढे ठेवला, आणि पेन तिच्या हातात दिलं.

“मला इंग्लिश येतंय व्हय?”

“मराठीत लिही. मी इंग्रजी करते.”

आईला मराठी अक्षरं वडिलांनीच शिकवली होती. गावच्या बैठकेत, म्हणजे सगळ्यांनी मिळून बांधलेल्या सभेच्या खोलीत, ते मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायचे, तेव्हा आई मागच्या बाकावर बसून मुलांबरोबर गिरवायची. अक्षर मोठं, वाटाण्याएवढं. त्या अक्षरात तिने आजवर सहीशिवाय काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“काय लिवू?”

“तुला काय म्हणायचंय?” मी विचारलं, आणि हात मांडीखाली घातले.

आईने माझ्या हातांकडे पाहिलं, ही काय थेरं असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग वाफ्याकडे पाहिलं. शेजारच्यांची कोंबडी वाफ्यात शिरली, तिला हाकलून आली, पुन्हा बसली. ती लिहायला लागली तेव्हा ओठ हलवत एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहायला लागली, त्यामुळे मला वाकून पाहावं लागलं नाही. वडिलांचं नाव तिने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, तिथेही घेतलं नाही.

“सायेब, ह्यांनी तुमच्याकडं लोकांसाठी लय मागितलं. सोतासाठी कवा मागितलं नाय. म्हनून मी मागते. ह्ये शनिवारी पीत होते, बाकी दिवस नाय.”

इथे माझे हात मांडीखाली वळवळले. “आई, हे—”

“खरं हाय ना?”

“खरं आहे.”

“मग?” ती पुढे लिहायला लागली. “मोठ्या सिक्लोनच्या दिवशी ह्ये तुमच्या बिरोच्या खिडक्या बांधाया गेले. तवा आमच्या लाकाजचं पत्रं उडालं. मी पोरीला घेऊन मेजाखाली बसले. ह्ये आले, काय बोलले नायत. दुसरे दिवशी उसातनं पत्रं हुडकून आनलं आनी परत बसवलं. त्ये पत्रं अजून वर हाय. त्याच्याखाली मला ऱ्हाऊ द्या.”

तिने पेन खाली ठेवलं आणि बोटं चोळली. ते मेज मला आठवत होतं. त्याखाली आईच्या कुशीत मी पाच-सहा वर्षांची होते. वादळाचा वारा भयंकर होता, बिरो म्हणजे कचेरी आणि लाकाज म्हणजे घर ह्या दोन्हींत वडिलांनी कचेरी निवडली होती, आणि आईने त्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता. निदान माझ्या देखत नाही. मी त्या मजकुराचं इंग्रजी केलं, एकही शब्द न वाढवता. नाव तेवढं मी घातलं. ‘अत्यंत नम्रतेने’ कुठेही लिहिलं नाही.

संध्याकाळी तो कागद मी फाटकाशी दिला. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. आई जिवंत असेपर्यंत घर तिच्याकडे राहील, नव्या राखणदाराची सोय दुसरीकडे केली आहे. कारकून म्हणाले, मॅनेजरने कागद दोनदा वाचला आणि खिडक्यांबद्दल विचारलं.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच. मी इंग्रजी कागद घडी करून पाकिटात घातला आणि वडिलांची वही मिटणार, तेवढ्यात आई म्हणाली, “आनी तुझं?”

“माझं काय?”

“तुला काय म्हनायचंय? त्यांच्यावर?”

विद्यापीठात मी तो प्रश्न किती जणांना विचारला असेल, मोजलं नाही. मला तो तोवर कोणी विचारला नव्हता. मी उत्तर शोधलं. कष्टाळू, निर्व्यसनी, एवढंच तोंडात आलं. आई थांबली होती. तिने, माझं बघून की गुडघा दुखत होता म्हणून, दोन्ही हात मांडीखाली घातले होते.

“मला काही वाटत नाही, आई,” मी म्हटलं. “ते गेले तेव्हापासून मला काहीच वाटत नाही. रडूसुद्धा आलं नाही. तुला दिसलं असेल.”

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “मग त्येच लिव.”

मी वही उघडली. विधवेच्या नमुन्याखाली अर्धं पान कोरं होतं. तिथे मराठीत लिहिलं, बाबा गेले, मला काही वाटत नाही. लिहिलं आणि पेन घेऊन बसून राहिले. आई हलली नाही. तिला वाचायला येत होतं, ती वाचत होती. वाफ्यात कोंबडी पुन्हा शिरली, तिलाही तिने हाकललं नाही. बऱ्याच वेळाने त्याखाली आणखी एक वाक्य आलं: सोमवारी पिशवी मीच घेऊन बसमध्ये चढते.

आईने ते वाचलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी त्या दिवशीही रडले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि बस सुटायच्या आधी, का कोण जाणे, खिडकीची काच पूर्ण खाली केली. व्हाकोआ येईपर्यंत शेजारच्या बाईने मला तिचा रुमाल दिलेला होता.